दोन आळ्यांच्या शपथेचे इंजिन

श्रीगजाननाला आणि कुलस्वामिनीला वंदन करून, औंढ्याच्या नागनाथाचे स्मरण करून, आणि ज्याच्या कृपेवाचून ना चूल पेटते ना होम सिद्धीस जातो त्या अग्निनारायणाला नमस्कार करून मी हे लिहावयास बसलो आहे. निमित्त आजच्या तिथीचे. आज दिव्यांची अमावास्या. सकाळपासून आमच्या घरी समया, निरांजने आणि वडिलांच्या वेळचा एक पितळी कंदील चिंचेने घासून पाटावर मांडले आहेत, आणि आत कणकेचे गोड दिवे उकडत आहेत. पूजा आटोपून ओट्यावर आलो, तो समोरच्या रिकाम्या जागेवर कोणीतरी दोन पणत्या लावून ठेवलेल्या दिसल्या. त्या जागी काही वर्षांपूर्वी जो दिवा उभा होता, त्याला वात नव्हती. तो डिझेल पीत असे, धूर सोडत असे, आणि त्याच्या आवाजामुळे माझ्या त्या दिवसांतल्या संध्यावंदनापैकी निम्मे तरी देवापर्यंत पोचले नसावे. आजच्या दिवशी त्याचेही स्मरण करणे मला उचित वाटते.

आमचे गाव सेनगाव तालुक्यात आहे. गावाच्या दोन आळ्या. वरच्या आळीत सोयाबीन, कापूस आणि तूर पिकवणारी कुटुंबे, त्यांचा मारुती. खालच्या आळीत थोडी शेती आणि पुष्कळ शेळ्यामेंढ्या असलेली कुटुंबे, त्यांचा खंडोबा. दोन्ही आळ्या जिथे मिळतात तिथे आमचे घर. आमचा दरवाजा वरच्या आळीत उघडतो आणि परसातले वांग्याचे वाफे खालच्या आळीत आहेत. त्यामुळे दोन्हीकडच्या सत्यनारायणाला मीच, आणि दोन्हीकडच्या तक्रारी ऐकायलाही मीच, अशी ईश्वराची योजना होती.

त्या वर्षी दोन्ही आळ्यांनी एकाच आठवड्यात हरिनामाचा सप्ताह धरला. दोन्हीकडे तोच नामघोष, तेच पारायण. परंतु वरच्या आळीने मारुतीच्या कळसाशेजारी कर्णा बांधला आणि त्याचे तोंड खाली केले, तेव्हा खालच्या आळीने खंडोबाच्या लिंबावर दोन कर्णे बांधून त्यांची तोंडे वर केली. वर चार झाले. खाली आणखी आणले. आमचे घर मधोमध असल्याने आम्हाला भगवंताचे नाव दोन्ही कानांनी आणि दोन निरनिराळ्या चालींत ऐकू येई. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, देव सर्वव्यापी आहे हे यांना कोणी सांगितले नाही का? इतक्या लांब हाका कशाला मारतात?"

शेवटच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगती बसलेल्या असताना दोन्ही आळ्यांच्या विजेचा भार वाहणारे रोहित्र, ज्याला गावात सगळे डीपी म्हणतात, मोठा आवाज करून फुटले. कर्णे गप्प झाले. आठवड्यात प्रथमच शांतता पसरली, आणि त्या शांततेत दोन्ही आळ्यांना एकमेकांचे बोलणे स्पष्ट ऐकू आले. तेच अनर्थाचे मूळ.

डीपी कोणाच्या कर्ण्यांनी जाळली, या प्रश्नावरून जे युद्ध झाले, त्याचे वर्णन करताना मला अजून संकोच वाटतो. प्रथम बुंदी फेकली गेली. मग वरणाच्या बादल्या आल्या. मग दगड. कोणी तरी ट्रॅक्टर मागे घेतला, तो विजेच्या खांबावर गेला. खांब वेशीच्या कमानीवर पडला, आणि कमान पाण्याच्या टाकीच्या पाइपवर. कुणाचे पत्रे फुटले, कुणाचे ओटे. देवकृपेने कोणाला चार टाके घालण्यापलीकडची जखम झाली नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडे पाहिले तर एखादे मोठे सैन्य जेवून गेल्यासारखे दिसत होते.

विजेच्या कचेरीतून सांगितले गेले, की नवी डीपी क्रमाने येईल, थोडी कळ काढावी. कळ काढता येते. पण पाणी, पीठ आणि वेल्डिंग यांना वीज लागते. तेव्हा दोन्ही आळ्यांचे पुढारी, मध्ये मला उभे करून, प्रथमच एका विचारावर आले: तात्पुरता जनरेटर आणावा.

या दोघांची ओळख करून देतो. वरच्या आळीचे पुढारी तरुणपणी कुस्त्या मारत, म्हणून त्यांना पैलवान म्हणत. देह अजून तसाच, फक्त सगळा थोडा खाली सरकलेला. खालच्या आळीचे पुढारी वयाने वडील, बारीक अंगाचे, भर उन्हातही खांद्यावर घोंगडी. त्यांना सगळे आबा म्हणत. त्या दिवसांत ते एकमेकांशी बोलत नसत. दोघेही मला उद्देशून बोलत आणि दुसऱ्याने ते ऐकावे अशी अपेक्षा करत.

वारंगा फाट्यावरच्या एका मंडपवाल्याने जनरेटर आणला. दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेले जुने डिझेल इंजिन, शेजारी डायनामो, आणि वर आकाशाकडे तोंड केलेले धुराडे. ठेवायचा कुठे यावर अर्धा दिवस गेला. शेवटी गाड्याचे एक चाक वरच्या आळीत आणि एक खालच्या आळीत येईल अशा बेताने तो आमच्या ओट्यासमोर उभा राहिला. मंडपवाला घाम पुसत म्हणाला, "महाराज, माझं एकच म्हणणं हाय, सगळ्यायनं ऐका. माझ्या पोरीचं लगन हाय, फाट्यावरच. हळदीच्या सकाळी मी हे इंजिन घेऊन जानार. मंग तुमची डीपी येवो का न येवो."

पैलवान म्हणाले, "हेच काहून? तुमच्यापाशी दुसरी असतीन की."

"दुसरी दोन हायेत, मोठी हायेत. पण पोरगी जलमली त्या वर्षी हे घेतलं. मांडवात तिची माय पंगती वाढायची, आन् ही याच्याशेजारी झोळीत निजायची. आवाज थांबला का उठून रडायची. आता लगन ठरलं तर म्हनती, बाबा, आख्ख्या जिल्ह्याच्या पोरी तुमी याच्या उजेडात नांदायला धाडल्या, माझ्याच मांडवात दुसरं इंजिन नगं." एवढे बोलून तो इंजिनाची टाकी उगाच फडक्याने पुसू लागला. सर्वांनी माना डोलावल्या. मीही शब्द दिला.

आता ते चालवायचे कसे, हा प्रश्न. ते हँडलाने सुरू होणारे इंजिन होते. एकाने हँडल फिरवून वेग द्यायचा, आणि वेग आला की दुसऱ्याने वरची लहान दांडी खाली पाडायची. एका माणसालाही हे दोन्ही साधते. मंडपवाल्याला साधत असे. परंतु आमच्या गावाने तहात ठरवले, की हँडल वरच्या आळीचे आणि दांडी खालच्या आळीची. हँडल रोज मारुतीच्या पायाशी ठेवले जाई आणि डिझेलचा डबा खंडोबाच्या गाभाऱ्यात. म्हणजे कोणत्याही एका आळीला एकटीने उजेड पाडता येऊ नये.

पण कामाला हात घालण्यापूर्वी शपथ हवी होती. कमान उभारायची तर वरच्या आळीच्या गवंड्याला खालच्या आळीच्या माणसाने विटा द्यायला हव्यात, आणि हातात वीट असलेल्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? आमच्याकडे शपथ म्हणजे बेल-भंडारा उचलणे. आबा म्हणाले, "महाराज, त्यायला सांगा, खंडोबापुढं या." पैलवान म्हणाले, "महाराज, त्यायला सांगा, मारुतीपुढं या." कोणी पायरी चढेना. मी सुचवले की आमच्या देवघरात यावे. तर आमचा दरवाजा वरच्या आळीत उघडतो म्हणून आबांनी नकार दिला, आणि मागल्या दाराने यायला पैलवान तयार होईनात.

तेव्हा गर्दीतून कोणी तरी म्हणाले, "मधात तर हे इंजिनच हाय."

मी विचार केला. अग्नी साक्षीदार चालतो, हे तर विवाहविधीतच आहे. आणि या यंत्राच्या पोटातही अग्नीच आहे. मी होकार दिला. वरच्या आळीने मारुतीचा शेंदूर आणून इंजिनाला लावला. खालच्या आळीने खंडोबाचा हळदीचा भंडारा आणला. एकेका घराचा कर्ता पुढे येई, भंडाऱ्याची चिमूट उचले, "या इंजिनाला साक्षी ठेवून, आमी भांडन करनार न्हाई" असे म्हणे, आणि ती चिमूट साक्षीदाराच्या तोंडात घाली. साक्षीदाराचे तोंड म्हणून सर्वांनी निवडले ते धुराडे. ते वर उघडे होते, तोंडासारखे दिसत होते, आणि मलाही त्या क्षणी त्यात काही गैर वाटले नाही.

मग पैलवानांनी हँडल मारले, आबांनी दांडी पाडली. इंजिनाने एकवार ढेकर दिली आणि सगळ्या गावाचा भंडारा धुराड्यातून एकदम आकाशात गेला. तिथून तो सावकाश खाली आला. दोन्ही आळ्या, आमचा ओटा, मी आणि आबांची घोंगडी, सर्व पिवळे झाले. मग आबांनी हात जोडले. "बोलला साक्षीदार," ते म्हणाले. "मान्य हाय म्हनला."

त्यापुढचे आमच्या संसारातले दिवस मी विसरणार नाही. सकाळी टाकीची मोटर, मग पिठाची गिरणी, दुपारी कमानीचे वेल्डिंग, असा क्रम लागला. आमच्या ओट्यावर गावातले सगळे फोन चार्जिंगला येऊन पडत. पूजेला बसायचे तर आधी देवघराच्या वाटेतल्या वायरी ओलांडाव्या लागत. संध्येला मी कानात कापूस घालीत असे, तरी इंजिनाचा ठेका दातांतून आत येई. एके दिवशी नैवेद्य दाखवून बाहेर आलो, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "आज आरती इंजिनाच्या चालीवर म्हटलीत. छान लागली. फक्त शेवटी तुम्ही धूर सोडायचे विसरलात."

आणि दोन पुढाऱ्यांचा तो रोजचा सोहळा. पैलवान हँडल फिरवू लागले की अर्धे गाव जमे.

"पाडा की हो दांडी!"

"कशाला पाडू? जोर कुठाय? हँडल फिरवून राहिले का ताक घुसळून राहिले, पैलवान?"

"आबा, मी कुस्तीत लोक उचलले हायेत."

"ते उचलल्यावर धडधडत नसतीन."

यात एक गोष्ट घडली, ती त्यांच्या लक्षात येण्याआधी माझ्या आली. ते एकमेकांशी बोलू लागले होते. मला मध्ये घेण्याची त्यांना आठवण राहिली नव्हती. मी ती त्यांना करून दिली नाही. पैलवान "हां!" म्हणाले की आबा दांडी पाडत, आणि त्या एका हांमध्ये किती वेळ भरायचा हे त्या दोघांनाच ठाऊक असे. वेशीची कमान उभी राहिली. ती थोडी एका बाजूला झुकली आहे. कोणत्या बाजूला, ते मी सांगत नाही.

पुढे, मंडपवाल्याच्या घरच्या हळदीच्या आदल्याच दिवशी नवी डीपी आली. वीज सुरू झाली, लोकांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाला नवा सदरा घालून आपली जीप घेऊन आला. मागे दोर बांधायला वाकला, तो आबा इंजिनासमोर घोंगडी टाकून बसलेले.

"उठा आबा, सांजच्याला हळद हाय."

"इंजिन न्हाई नेता येनार."

मंडपवाला हसला. मग त्याला कळले की आबा हसत नाहीत. त्याने हँडल शोधले. ते पैलवानांच्या काखेत होते. "पैलवान, तुमी तरी सांगा! तुमची डीपी तर आली."

"डीपीचा सवाल न्हाई, भाऊ," पैलवान गंभीरपणे म्हणाले. "या इंजिनापुढं शपथ घेतली आमी. हे साक्षीदार हाय. कोर्टातबी साक्षीदार निघून गेला का केस पडती. उद्या कोनी म्हनलं, शपथ कोनापुढं घेतली, दाखव, तर काय दाखवावं? डिझेलचा डाग?"

"माझी पोरगी बसून हाय, हो! तिला सांगून आलो, दुपारपस्तोर आनतो म्हनून!"

"पोरगी आमचीबी हाय," आबा म्हणाले. "तिला गावाकून भारी लुगडं घेऊ. पन साक्षीदार न्हाई."

ते दोघे हे मनापासून बोलत होते. आपल्या गावात पुन्हा पत्रे फुटू नयेत, याची त्यांना जितकी काळजी होती तितकीच मंडपवाल्याला त्याच्या लेकीची. मंडपवाला माझ्या पायऱ्यांवर येऊन बसला आणि नव्या सदऱ्याच्या बाहीने त्याने डोळे पुसले. "महाराज," तो म्हणाला, "तुमी शब्द देला होता."

दिला होता. मी सवयीने कानात घातलेला कापूस काढून खाली उतरलो आणि विवाहहोमाविषयी सविस्तर बोललो. अग्नीला साक्ष ठेवून पती-पत्नी बांधली जातात, कार्य झाल्यावर त्याच अग्नीला नमस्कार करून स्वस्थानी जाण्याची विनंती केली जाते, तो जातो, तरीही विवाह राहतो, कारण साक्ष एकदा घडली की ती घडलेलीच असते. मी आधार दिले. शाखाभेद सांगितले. पुष्कळ वेळ बोललो. थांबलो तेव्हा समोर बसलेल्यांपैकी दोघे झोपले होते आणि एक शेळी माझे उपरणे खात होती.

तेवढ्यात आबा स्वतःशीच म्हणाले, "आमच्या लग्नात तर पाऊस आला व्हता. होम अर्ध्यातच इझला."

मागून त्यांच्या वृद्ध पत्नीचा आवाज आला, "मंग? इझला म्हनून सुटला व्हय तुमी?"

सगळे गाव हसले. झोपलेले दोघेही जागे होऊन हसले. आबा हसले नाहीत. ते विचारात पडले होते. मग पैलवानांकडे बघून म्हणाले, "खरं हाय, गड्या. काही सुटत न्हाई."

पैलवानांनी हँडल काखेतून काढून इंजिनावर ठेवले. मंडपवाला उठून दोर बांधू लागला, तोच आबांनी पुन्हा हात वर केला. "थांबा. साक्षीदाराला एकट्याला धाडायचं नसतं. आमी पोचवाया येतो."

"कोन आमी?"

"दोनी आळ्या."

मंडपवाल्याने आपल्या मांडवाची, पंगतीची आणि आचाऱ्याची मनाशी काही बेरीज केली असावी. त्याचा चेहरा पाहून आमच्या सौभाग्यवती ओट्यावरून म्हणाल्या, "काळजी करू नका. आम्ही आमची भाकरी घेऊन येतो."

निघण्यापूर्वी त्यांनी आणि आबांच्या पत्नीने मिळून इंजिनाची ओटी भरली. लेकीच्या लग्नाला जाणारे यंत्र रिकामे कसे जाईल, असे त्या म्हणाल्या. टाकीच्या झाकणावर खण, खोबऱ्याची वाटी, तांदूळ. आणि शपथ ताजी व्हावी म्हणून प्रत्येक घराने पुन्हा भंडारा उचलून साक्षीदाराच्या तोंडात घातला. पहिल्या वेळी चिमटी होत्या. या वेळी प्रेम वाढले होते, मुठी पडल्या. शेवटी कोणी तरी परातच उपडी केली. वीज आलेली असल्याने इंजिन सुरू करण्याचे कोणाला कारण नव्हते.

इंजिन कोणाच्या ट्रॅक्टरने ओढायचे यावरून थोडा खोळंबा झाला. ठरले असे, की हिंगोलीपर्यंत वरच्या आळीचा, तिथून पुढे खालच्या आळीचा. जीपमध्ये मंडपवाला एकटाच पुढे, सारखा मागे वळून बघत. मागे ट्रॅक्टर, त्यामागे ओटी भरलेले इंजिन, त्यामागे दुसरा ट्रॅक्टर, आणि दोन्ही ट्रॉल्यांत भाकऱ्यांची गाठोडी, पिठल्याची पातेली, घोंगड्या आणि आम्ही. हिंगोलीच्या बाहेर ट्रॅक्टर बदलत असताना रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारले, "काय ओ, कोणत्या देवाची पालखी?" पैलवान म्हणाले, "साक्षीदार हाय. लग्नाला चालला."

वारंगा फाट्यावर पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. मांडवात वऱ्हाड हट्टा गावाहून येऊन बसलेले, हळदीची वाटी तयार, नवरी पिवळे लुगडे नेसून पाटावर. मांडवात उजेड नव्हता, कारण मुलीने दुसरे इंजिन लावू दिले नव्हते. तिने वळून आपल्या इंजिनाकडे पाहिले, त्यावरचा खण पाहिला, सोबतच्या दोन ट्रॉल्या पाहिल्या, आणि म्हणाली, "बाबा, हे कोन सगळे?"

"हे इंजिनासंगं हायेत," मंडपवाला थकून म्हणाला.

त्याने वायरी जोडल्या आणि हँडल मारले. इंजिन गप्प. पुन्हा मारले. दांडी पाडली. घशात काही अडकल्यासारखा एक आवाज आला आणि गेला. वराकडची वडीलधारी मंडळी घड्याळाकडे पाहू लागली. मंडपवाल्याच्या गळ्यावरच्या शिरा फुगल्या. नव्या सदऱ्याचे एक बटण तुटून उडाले. तो इतकी वर्षे इतरांच्या लेकींचे मांडव उजळत आला होता, आणि आपल्या लेकीपुढे घामाने निथळत, अंधार पडत असताना उभा होता.

पैलवानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, बाजूला व्हा. याला आता एकट्या मानसाची सवय ऱ्हायली न्हाई."

त्यांनी हँडल धरले. आबांनी घोंगडी माझ्याकडे दिली आणि दांडीवर बोट ठेवले. पैलवानांनी फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, वेग चढला, चेहरा लाल झाला. "जोर कुठाय?" आबा कुजबुजले. "आता बघा," पैलवान म्हणाले, आणि मग, "हां!"

दांडी पडली. इंजिन खोकले, थरथरले, आणि धुराड्यात दाबून बसलेला सगळ्या गावाचा भंडारा प्रचंड आवाज करून बाहेर आला. मांडवाचे छत, हट्ट्याचे वऱ्हाड, वराकडचे घड्याळवाले, आचारी, नवरी, तिचा बाप, सर्वांवर हळद बरसली. आणि त्याच क्षणी मांडवातले सगळे दिवे लागले, त्यामुळे ती उतरताना सोन्यासारखी दिसली.

मंडपवाल्याने हात जोडून वराच्या वडिलांकडे पाहिले. ते आपादमस्तक पिवळे झाले होते. त्यांनी मिशी झाडली आणि आदराने विचारले, "हा तुमच्याकडचा रिवाज हाय का?"

कोणी उत्तर द्यायच्या आत नवरी हसू लागली. ती इतकी हसली की पाटावरून उठून इंजिनाजवळ आली, त्याच्या गरम टाकीला दुरूनच नमस्कार केला, आणि तिथेच, त्या धडधडीशेजारी पाट मांडून घेऊन हळद लावून घ्यायला बसली. लावायला फारशी जागा उरली नव्हती. मंडपवाला बाजूला उभा राहून रडत होता, आणि त्याच्या पिवळ्या गालांवरून दोन स्वच्छ रेषा उतरत होत्या. आमच्या भाकऱ्या आणि पिठले हट्ट्याच्या लोकांनी आवडीने खाल्ले. नंतर कळले, की त्या वर्षी मंडपवाल्याकडे लोक येत आणि सांगत, "ते हळदवालं इंजिन पाहिजे."

इंजिन तिथेच ठेवून आम्ही परतलो. शपथ मात्र आमच्याबरोबर परत आली, हे मला पुढच्या सप्ताहात समजले. त्या वर्षी सप्ताह एकच धरला, मांडव आमच्या ओट्यासमोर. तरीही कर्ण्याचे तोंड कोणत्या आळीकडे करायचे यावरून शब्दाला शब्द लागला. पैलवान उभे राहिले, आबा उभे राहिले, कोणाचा तरी हात बुंदीच्या परातीकडे गेला. तेव्हा आबांच्या पत्नी ओरडल्या, "साक्षीदाराला फोन लावा!"

पैलवानांनी वारंगा फाट्याला फोन लावला. "भाऊ, जरा इंजिन चालू करता का? न्हाई, काही काम न्हाई. नुसतं चालू करा आन् फोन जवळ धरा." त्यांनी फोन कर्ण्याच्या माइकपाशी नेला. साऱ्या गावावर ते ओळखीचे धडधडणे पसरले. लोक उभे होते ते खाली बसले. टोप्या सरळ झाल्या. बुंदीकडे गेलेला हात मागे आला. कर्ण्याचे तोंड त्या वर्षी सरळ आभाळाकडे केले गेले, आणि तेव्हापासून ते तसेच असते.

हे लिहीत असताना समोर पैलवान आणि आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले आहेत. त्या पणत्या त्यांनीच लावल्या होत्या असे आता कळते. दिव्यांच्या अमावास्येला साक्षीदाराचा आवाज ऐकायचा, असा त्यांनी आपल्यापुरता कुळाचार करून टाकला आहे. आबा फोन हातात धरून आहेत, पैलवान म्हणत आहेत, "नंबर मी दाबतो, हिरवं बटन तुमी दाबा." सौभाग्यवती आतून कणकेचे दिवे घेऊन येत आहेत. आणि मी आजही, जुन्या सवयीने, कापूस शोधत आहे.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरी तिन्हीसांजेला दिवा लावणारे हात असोत आणि त्या दिव्याला वाऱ्यापासून आडोसा देणारेही असोत. तुझ्या लेकी ज्या उजेडात वाढल्या त्याच उजेडात नांदायला जावोत. तुझ्या घराची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत एकमेकींच्या आधाराने उभ्या राहोत, आणि तुझ्या कुटुंबावर जे काही आकाशातून पडेल ते हळदीसारखे पडो, अशी नागनाथाच्या चरणी माझी प्रार्थना आहे. शुभं भवतु.